पाठ टेकताच झोप लागणाऱ्यांविषयी

बदलापूरहून लिहिणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे यजमान सकाळच्या लोकलमध्ये जागा मिळाली की कल्याण येण्याच्या आत झोपतात, संध्याकाळी सोफ्यावर बातम्या पाहता पाहता झोपतात आणि लग्नाच्या हॉलमध्ये खुर्चीतही त्यांचा डोळा लागतो. ताई स्वतः मात्र रात्री साडेनऊला अंथरुणावर पडून अकरा-साडेअकरापर्यंत कूस बदलत राहतात. कुठेही झोपण्याची ही देणगी जन्मजात असते का आणि ती शिकता येते का, असे त्यांनी विचारले आहे. मी अनेक वर्षे एका रुग्णालयाच्या निद्रा-तपासणी कक्षात तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे. निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. परंतु माणूस झोपेत कसा शिरतो हे मी रोज पडद्यावर पाहत आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तपासणीसाठी येणाऱ्या माणसाचे डोके आम्ही आधी टेपने मोजतो, मेणाच्या पेन्सिलीने खुणा करतो, त्या जागा खरखरीत जेलने घासतो आणि तिथे वाटीच्या आकाराची इवलीशी इलेक्ट्रोड पेस्टने चिकटवतो. एवढ्या वायरी घेऊन झोप कशी लागणार, असे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. दिवे मालवल्यावर, डोळे मिटून जागाच असलेल्या माणसाच्या आलेखात सेकंदाला ८ ते १३ वेळा उठणाऱ्या लहरी दिसतात. मग त्या तुटू लागतात, बुबुळे सावकाश एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे फिरू लागतात आणि लहरींचा वेग मंदावतो. ३० सेकंदांच्या ज्या पहिल्या तुकड्यात निम्म्याहून अधिक वेळ झोपेचा असतो, तिथे झोप लागली असे आम्ही नोंदवतो.

दिवसाची पेंग मोजण्याची चाचणी मेरी कार्सकॅडन आणि विल्यम डिमेंट यांनी १९७०च्या दशकात स्टॅनफर्ड येथे विकसित केली. तीत दर दोन तासांनी, असे चार किंवा पाच वेळा, माणसाला झोपण्यासाठी २० मिनिटांची संधी देतात. झोप लागायला सरासरी ८ मिनिटे किंवा त्याहून कमी वेळ लागला, तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे असे समजतात. म्हणजे घरात आणि गाडीत ज्या गोष्टीचे कौतुक होते, ती आमच्याकडे डॉक्टरांना कारण शोधायला लावते. म्हणून यजमानांविषयी माझा पहिला प्रश्न असा राहील की ते रात्री किती तास झोपतात आणि सकाळी उठल्यावर त्यांना ताजेतवाने वाटते का.

झुरिक येथील अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२मध्ये झोपेचे जे प्रारूप मांडले, ते आजही पायाभूत मानले जाते. त्यानुसार झोप दोन गोष्टींवर ठरते: जागेपणी सतत साठत जाणारा झोपेचा दाब आणि शरीरातील चोवीस तासांचे घड्याळ. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन वाढत जाते आणि या दाबामागे त्याचा मोठा वाटा असतो. चहा-कॉफीतील कॅफिन अ‍ॅडेनोसिनची मेंदूतील जागा अडवून ठेवते, त्यामुळे झोपेचा दाब कमी होत नाही, फक्त जाणवेनासा होतो. बारा वाजता झोपून पहाटे पाचला उठणाऱ्या चाकरमान्याचा दाब रात्रीत पुरता उतरलेलाच नसतो. खिडकीच्या दांडीला डोके टेकताच तो झोपतो, ते बहुतेक वेळा थकलेल्या झोपेची वसुली असते. उपनगरी गाडीत आपल्याला इतकी माणसे झोपलेली दिसतात, त्याचे मुख्य कारण मला हेच वाटते आणि ते पाहून वाईटही वाटते.

तरीही सगळेच थकबाकीमुळे झोपतात असे नाही. रात्री सात-आठ तास पुरेपूर झोपूनही प्रवासात सहज डुलकी घेणारी माणसे असतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये झोप आणणारे व जागे ठेवणारे असे पेशींचे दोन गट एकमेकांना दाबून ठेवतात; त्यामुळे झोप लागण्यासाठी जागरूकतेची बाजू मागे हटावी लागते. ती किती लवकर हटते, यात माणसामाणसांत फरक असतो. उद्या परीक्षा आहे, घरात भांडण झाले आहे किंवा जागा नवी आहे, एवढ्याने काहींची झोप उडते आणि काहींवर त्याचा परिणामही होत नाही. या स्वभावात आनुवंशिकतेचा काही वाटा आहे, म्हणून देणगी हा तुमचा शब्द अगदीच चुकीचा नाही.

नवी जागा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ब्राऊन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६मध्ये दाखवून दिले की अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा कमी गाढ झोपतो आणि आवाजांकडे लक्ष ठेवून राहतो. आता रोजच्या प्रवाशाचा विचार करा. तीच गाडी, तोच डबा, तीच वेळ आणि शेजारी रोजचा ग्रुप, ज्याला ‘दादर आलं की उठव’ एवढे सांगितले की पहाऱ्याची जबाबदारी संपते. आपल्याला जे ‘कुठेही’ वाटते, ते त्याच्या मेंदूला पूर्ण ओळखीचे असते. शिवाय हेलकाव्यांची मदत असतेच. जिनिव्हातील संशोधकांनी २०११मध्ये दुपारच्या झोपेसाठी मंद झुलणारा पलंग वापरला, तेव्हा माणसे स्थिर पलंगापेक्षा लवकर झोपेत शिरली. बाळाला पाळण्यात घालणाऱ्या आपल्या आज्यांना हे सांगायची गरज नव्हती.

आता तुमच्याविषयी, कारण मला अधिक काळजी त्याची वाटते. सहज झोपणारा माणूस झोपण्यासाठी काहीही करत नाही. तुम्ही मात्र पहाटे डबे करायचे म्हणून साडेनऊलाच पडता, घड्याळ पाहता आणि किती तास उरले याचा हिशेब करता. हा प्रयत्नच जागरूकतेच्या बाजूला बळ देतो. त्यातच हैफा येथील पेरेत्झ लावी यांनी १९८६मध्ये दाखवले होते की नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीच्या दोन-तीन तासांत झोप लागणे सर्वांत कठीण असते. तुमचे शरीर अकराला झोपत असेल, तर साडेनऊला पडणे म्हणजे नेमक्या त्या काळात झोप मागणे होय. दुपारी तासभर पडता असेही तुम्ही लिहिले आहे; त्यामुळे रात्रीसाठी साठलेला दाबही कमी होतो.

म्हणून काही आठवडे खरोखर पेंग येईपर्यंत अंथरुणावर जाऊ नका. पडल्यावर बराच वेळ झोप आली नाही, तर चिडचिड होण्याआधी उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा आणि डोळे जड झाले की परत या. सकाळी उठण्याची वेळ मात्र रविवारीही बदलू नका. अंथरूण आणि जागेपण यांची मनात पडलेली गाठ सोडवण्याची ही पद्धत रिचर्ड बुट्झिन यांनी १९७२मध्ये मांडली आणि निद्रानाशाच्या उपचारात ती अजूनही वापरली जाते. पहिले काही दिवस त्रासाचे जातात, हे आधीच सांगून ठेवतो. दुपारची झोप बंद करा किंवा वीस मिनिटांवर आणा आणि चार वाजल्यानंतरचा चहा टाळा. झोपण्याच्या तास-दीड तास आधी गरम पाण्याने अंघोळ करा. हातापायांची त्वचा गरम झाली की शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडते आणि त्यामुळे झोप लवकर लागते. दोन मिनिटांत झोपवणाऱ्या ज्या लष्करी पद्धतीचा व्हिडिओ तुम्ही पाहिला, त्यातील स्नायू सैल सोडण्याचा सराव चांगला आहे; दोन मिनिटांची अट मनातून काढून टाका.

यजमानांना एपवर्थची प्रश्नावली भरायला द्या. वाचताना, टीव्ही पाहताना, कोणाशी बोलत बसलेले असताना डुलकी लागण्याची शक्यता किती, अशा आठ प्रसंगांना ० ते ३ गुण द्यायचे असतात. एकूण २४पैकी १०पेक्षा जास्त गुण आले, तर डॉक्टरांना दाखवणे योग्य. ते मोठ्याने घोरत असतील, मध्येच श्वास थांबून दचकत असतील किंवा सकाळी डोके दुखत असेल, तर गुणांची वाट पाहू नका, कारण झोपेत श्वास अडण्याच्या विकारात माणूस आठ तास झोपूनही दिवसभर पेंगतो. सुट्टीत ते रात्री गाडी चालवत गावी जातात, हे वाचून मला धास्ती वाटली. तपासणी होईपर्यंत तो प्रवास दिवसा करा. चालवताना पेंग आलीच, तर काच खाली करून किंवा गाणी लावून ती जात नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून, कॉफी घेऊन वीस मिनिटे झोपू द्या आणि जाग आल्यावरही लगेच निघू नका.