गुणतक्ता बाजूला ठेवून आढावा घे

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या एनसीएए स्पर्धेआधी एखाद्या कॉन्फरन्सच्या (हंगामभर आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या) संघांचा आढावा लिहायचा असेल, तर कॉन्फरन्समधल्या जय-पराजयावर फार विसंबू नकोस. 2025 मध्ये स्पर्धेतल्या 68 पैकी 14 संघ एकट्या एसईसी या कॉन्फरन्सचे होते. अशा ठिकाणी खालच्या क्रमांकाचा संघही दर आठवड्याला तगड्यांशीच झुंजलेला असतो.

तटस्थ मैदानावरचे सामने वेगळे काढून बघ. गुण सामन्यामागे नव्हे, 100 पझेशनमागे (पझेशन म्हणजे चेंडू ताब्यात असण्याची एक पाळी) मोज. नाहीतर संथ खेळणारा चांगला संघ उगाच दुबळा वाटतो. मात्र संथपणात धोकाही असतो. पझेशन कमी झाली की मागे पडल्यावर भरून काढायला वेळ उरत नाही. 2018 मध्ये अव्वल मानांकित, संथ खेळणाऱ्या व्हर्जिनियाला 16व्या, म्हणजे सर्वात खालच्या मानांकनाच्या यूएमबीसीने 74-54 असं हरवलं, 24 पैकी 12 थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे फटके) टाकून! व्हर्जिनियाचा डिआंद्रे हंटर मनगट मोडल्याने बाहेर होता. म्हणून दुखापतींची यादी लिहून झाल्यावर पुन्हा तपासच.

आणखी एक, ब्रॅकेट, म्हणजे कोण कोणाशी भिडणार याचा तक्ता, नीट वाच. हंगामात तीनदा भिडलेले एकाच कॉन्फरन्सचे संघ शक्यतो रीजनल फायनलआधी (स्पर्धेतल्या विभागाच्या अंतिम सामन्याआधी) समोरासमोर ठेवत नाहीत.