बंगळूरहून पुण्याला आलोय. केए पासिंगची सहा वर्षांची गाडी एमएच करून घ्यावी का? दुरुस्ती आधी की नंतर?

वर्षाच्या आत परत जाणार असाल तर हात लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तरच नवा नंबर घ्यावा लागतो. पुण्यातच राहणार असाल तर मात्र करून टाका.

मी हेच केलं, पण उलट्या क्रमानं. आधी गाडी कॅरिअरवर टाकून आणली, मग एनओसीच्या, म्हणजे ना-हरकत दाखल्याच्या मागे लागलो. एनओसी मिळते गाडीची मूळ नोंद असते तिथेच, फॉर्म २८ भरून, आणि त्या फॉर्मवर चेसिस नंबरची पेन्सिलनं घासून काढलेली प्रिंट लागते. कागद बंगळूरला, चेसिस पुण्यात! गाडीवर कर्ज असेल तर बँकेचंही पत्र लागतं. तुमची गाडी अजून तिकडेच असेल, तर प्रिंटा चार-पाच जास्तच काढून ठेवा.

माझ्या गाडीचा चेसिस नंबर पुढच्या सीटखाली, कार्पेटच्या आत. तिथे पावसाचं पाणी मुरून गंज धरलेला, दोन आकडे वाचताच येईनात. गॅरेजवाला पॉलिश पेपर घेऊन सरसावला, त्याला मी अक्षरशः हात धरून थांबवलं. नंबरावर घासल्याची खूण दिसली की गाडी चोरीची आहे का, इथपासून चौकशी सुरू होते. शेवटी डिझेलचा बोळा आणि जुना टूथब्रश घेऊन तासभर बसलो, तेव्हा कुठे आकडे उमटले. दुरुस्तीत पहिला नंबर याचा. त्याखालोखाल दिवे, वायपर, हॉर्न, पीयूसी, कारण इथल्या आरटीओत गाडी समोर उभी करून दाखवावी लागते. डेंटिंग-पेंटिंगला आत्ता पैसे घालू नका, बंपरवरचा ओरखडा कोणी बघत नाही. क्लच, सस्पेन्शन वगैरे सवडीनं.

पैशाचं म्हणाल तर इथला रोड टॅक्स गाडीच्या वयानुसार कमी होऊन लागतो. तिकडे भरलेल्या आजीवन टॅक्समधला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो, पण नवं आरसी हातात आल्यावर. म्हणजे मधले काही महिने दोन्हीकडचे पैसे तुमच्याच खिशातून गेलेले. माझा परतावा यायला चौदा महिने लागले आणि त्यासाठी एक फेरी मारावी लागली. (एजंट लावला नव्हता. लावायला हवा होता, असं बायकोचं मत आहे.)

तुमच्या कंपनीची ऑफिसं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर बीएच, म्हणजे सगळ्या राज्यांत चालणाऱ्या ‘भारत’ मालिकेच्या नंबरचंही बघा. डिसेंबर २०२२ पासून जुन्या गाड्यांनाही तो घेता येतो. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा, सारखी बदली होणाऱ्याला ते सोयीचं. आणि दोनेक वर्षांत गाडी विकायचीच असेल, तर माझं ऐका, तिकडेच विकून या.

नवा नंबर मिळाला की विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि फास्टॅगवरचा नंबरही बदलून घ्या. हे दुसरं मी विसरलो. नवी पाटी लावून ऐटीत साताऱ्याला निघालो, तर टोलनाक्यावरचा मुलगा एकदा पडद्याकडे बघतोय, एकदा माझ्या पाटीकडे, आणि मागे हॉर्नचा गजर.