स्कॉटलंडमध्ये अभिजात (प्राचीन ग्रीक-रोमन धाटणीच्या) शैलीचे स्थापत्य रुजवण्याचे श्रेय कोणाला द्यावे?

हे श्रेय प्रामुख्याने सर विल्यम ब्रूस (मृत्यू 1710) यांना द्यावे लागते. ते पेशाने वास्तुकार नव्हते. राजा दुसऱ्या चार्ल्सला पुन्हा गादीवर बसवण्यास साहाय्य केल्याने राजाश्रय मिळालेले ते जमीनदार होते. 1671 मध्ये त्यांची स्कॉटलंडमधील राजाच्या बांधकामांचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली आणि एडिनबरोच्या होलीरूड राजवाड्याची पुनर्रचना त्यांच्या आराखड्यानुसार झाली. तथापि त्यांची खरी दृष्टी किनरॉस येथे दिसते: 1675 मध्ये ही जहागीर विकत घेऊन त्यांनी स्वतःसाठी जे घर उभारले, त्याचा आणि बागेचा मध्यअक्ष लॉक लेव्हन सरोवरातील ज्या जुन्या किल्ल्यात स्कॉटलंडच्या राणी मेरीला कैदेत ठेवले होते, त्या किल्ल्याच्या दिशेने नेला आहे. घर, बाग आणि दूरचे दृश्य यांचा असा एकत्र विचार मला त्यांच्या स्तंभ-कमानींपेक्षाही मोलाचा वाटतो. मात्र सारे श्रेय एकट्या ब्रूस यांचे नाही. होलीरूडचे प्रत्यक्ष बांधकाम राजाचे मुख्य गवंडी रॉबर्ट मिल्न यांनी केले, तर ब्रूस यांनी आराखडा केलेल्या होपटन हाउस या वाड्याचे आजचे भव्य दर्शनी रूप बहुतांशी नंतरचे वास्तुकार विल्यम अ‍ॅडम यांचे आहे.