सहा महिन्यांचं बाळ आजीकडे ठेवून कामावर रुजू व्हायचं आहे, काय तयारी करावी?

रुजू होण्याच्या दोन आठवडे आधीपासून रोज काही तास बाळ पूर्णपणे आजींवर सोपवा आणि तुम्ही घराबाहेर पडा. आई समोर असली की बरीच बाळं दुसऱ्याच्या हातून वाटी-चमच्याने दूध घेत नाहीत.

अंगावरचं काढलेलं दूध फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवा, दारात नको. फ्रिजमध्ये ते चार दिवस टिकतं, बाहेर चार तास, मे महिन्याच्या उकाड्यात त्याहून कमी. प्रत्येक डबीवर तारीख-वेळ ठळक लिहा. दूध कोमट पाण्यात डबी ठेवून गरम करायचं, गॅसवर नाही. उष्टं दूध दोन तासांनी टाकायचं. आजींना ते टाकवत नाही, म्हणून एका डबीत ६०-९० मिलीच भरा.

खरा वाद होतो मधावरून. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, गुटीतूनही नाही. त्यातल्या जिवाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. हे तुम्ही सांगण्यापेक्षा लसीच्या वेळी आजींना सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.

खिमट आणि नाचणीचं सत्त्व मात्र त्यांच्यावर निर्धास्त सोडा. फक्त मीठ-साखर नको, आणि खिमट चमच्यावरून ओघळणार नाही इतकं दाट हवं. पातळ पेजेने पोट भरतं, वजन वाढत नाही.