जुन्या दारांची गोलाई नव्या दारांना जुळत नाही, काय करू?

प्रश्न: काका, आमच्या माशेलच्या घरात रांदणीजवळ सागवानी कपाट आहे, सहा दारांचं, आजोबांच्या वेळचं. खालची दोन दारं ओल आणि वाळवी लागून गेली. मेस्ताने (सुताराने) पणजीहून राउटरचं, म्हणजे लाकडाच्या कडेला गोलाई कापणाऱ्या यंत्राचं, ओजी बिट (पातं) आणून एक तुकडा कापून दाखवला, एकटा बघितला तर छान वाटतो पण जुन्या दाराशेजारी धरला की लगेच कळतं हे वेगळं. तो म्हणतो सहाही नवीन करूया. माझा जीव होत नाही. चतुर्थीच्या आधी काम व्हायला हवं.
– एक वाचक भगिनी, डिचोली

उत्तर: ताई, वरची चार दारं चांगली असतील तर त्यांना अजिबात हात लावू नका. असं जुनं सागवान आज सहज मिळत नाही.

ओजी म्हणजे एकच आकार नव्हे, पुढे फुगून मग आत वळणाऱ्या सगळ्या नागमोडी गोलाया ओजीच, त्रिज्या 4 मिमी असो की 6. त्यात तुमची दारं हाताच्या रंद्याने काढलेली असणार, मग दुकानातलं बिट तंतोतंत बसेल कसं? म्हणून बिट नंतर, आधी माप. खराब झालेल्या दाराची उभी पट्टी धड असेल तिथे काटकोनात कापा आणि बोटभर जाडीची चकती काढा. त्याआधी रंग-पॉलिश पूर्ण खरवडून घ्या, थरांखाली कडा बुजलेल्या असतात. आणि कोपऱ्यातल्या 45 अंशांच्या सांध्यावरून माप घेऊ नका, तिथे आकार जवळजवळ 1.4 पट ताणलेला दिसतो, ही चूक मी चांगल्या चांगल्या सुतारांकडून झालेली बघितलीय. चकती कागदावर ठेवून बारीक पेन्सिलीने गिरवा, तो कागद घेऊनच दुकानात जा.

आता मुख्य गोष्ट. डोळ्याला गोलाई तेवढी कळत नाही जेवढी सावली कळते. गोलाईच्या वर-खाली ज्या बारीक पायऱ्या असतात ना, 1-2 मिमीच्या, त्यांच्यावर उजेड तुटतो आणि तिथे काळी रेघ दिसते. ती रेघ हलली की दार परकं वाटतं. त्रिज्येत अर्धा मिमी फरक असला तरी चालतो, पायरीत नाही चालत. तुमच्या मेस्ताचं बिट बहुतेक इथेच चुकतंय, त्याला बिट थोडं वर-खाली करून टाकाऊ लाकडावर पाच-सहा तुकडे कापायला सांगा, कधी कधी एवढ्यानेच जमून जातं. लाकूड मात्र जुन्या दाराच्या जाडीचंच हवं, जुनं पाऊण इंच म्हणजे 19 मिमी, नवीन 18 चं घेतलं तर पायरी तिथेच सरकते.

तरीही नाही जुळलं तर दोन दारांसाठी नवीन बिटांवर पैसे घालू नका. जुन्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घ्या, बारीक कानशीने त्यावर चकतीचा उलटा आकार घासा, लाकडी ठोकळ्यात चीर पाडून तो स्क्रूने घट्ट आवळा आणि ठोकळा पट्टीच्या कडेला टेकवून ओढत राहा. आधी राउटरने जास्तीचं लाकूड काढून घेतलं की काम हलकं होतं. घाई केली तर सागाचे रेषे उचकटतात, हळूहळूच जायचं. माझ्या मते दोन दारांना यापेक्षा चांगला मार्ग नाही. फक्त कोपरे 45 अंशांतच जुळवा, कारण दारांसाठी मिळणाऱ्या बिटांच्या जोडीत आडव्या पट्टीच्या टोकाला जो उलटा आकार कापला जातो तो या हाताने काढलेल्या गोलाईला बसणार नाही. आत कुसू (दोन पट्ट्यांना धरून ठेवणारी लाकडी जीभ) घालायला विसरू नका.

मधल्या फुगीर पॅनेलसाठी मेस्त मोठं बिट लावणार असेल, तीन-सव्वातीन इंच व्यासाचं, तर ते राउटर टेबलला बसवूनच लावायचं, हातात धरून कधीही नाही, आणि वेग मिनिटाला 10,000 ते 12,000 फेऱ्यांवर उतरवायचा. हे त्याला नक्की सांगा.

पॅनेलला डिंक लावू नका, ते खाचेत मोकळं राहू द्या. फूटभर रुंद सागवानी पॅनेल पावसाळा ते उन्हाळा सहज दोनेक मिमी कमी-जास्त होतं. तुम्ही भर पावसात करताय, म्हणजे लाकूड आत्ता फुगलेलंच आहे, खाचेत फार जागा सोडायची गरज नाही, पण पॅनेलच्या कडांना बसवण्याआधीच पॉलिश करून घ्या. नाहीतर मार्चमध्ये लाकूड आक्रसलं की कडेला कोऱ्या लाकडाची पांढुरकी रेघ उघडी पडेल.