आधी डबा, मग वाईन

"काकू, नापाच्या चार वायनरीचं बुकिंग झालंय. सकाळी अकराला पहिली, मग साडेबारा, दोन आणि साडेतीन. जेवायचं मध्ये कुठेतरी बघू."

अगं, तुझं पत्र चांगलं तीन पानांचं आहे, त्यात सासूबाई-सासरे आहेत, मुलं आहेत, गाडी कोण चालवणार आहे, वायनरीकडून नियमित बाटल्या घ्यायचा वाईन क्लब आहे, सगळं मी नीट वाचलं. पण अडकले ती या शेवटच्या चार शब्दांत. मध्ये कुठेतरी बघू! साधं महाबळेश्वरला जायचं असलं तरी आदल्या रात्री आपल्या आया दशम्या लाटायला बसायच्या, सकाळी पाचला उठून बटाट्याची सुकी भाजी व्हायची, एसटीने घाट चढायच्या आत डबा उघडलेला असायचा. आणि कॅलिफोर्नियातल्या नापाला वायनरी, म्हणजे वाईन करायच्या जागा, हिंडत दिवसभर वाईन प्यायला निघालेली आपली माणसं जेवणाचं मात्र कुठेतरी बघणार. तुझ्या बाकीच्या काळज्यांचंही सांगते, पण आधी हे.

कुठेतरी म्हणजे कुठे ते सांग मला. नापा व्हॅली उणीपुरी तीस मैलांची, एका बाजूने हायवे २९, दुसऱ्या बाजूने सिल्व्हराडो ट्रेल, आणि मधल्या भागात गावं सोडली तर नुसते द्राक्षमळे. ते तसे राहिलेत कारण १९६८ साली काउंटीने ती जमीन शेतीसाठी राखून ठेवली. मळ्यात दुकानं नाहीत, धाबे नाहीत, आणि तिथल्या वायनरीला सरसकट रेस्टॉरंट काढायची परवानगीही नसते. तुला तिथे मिळणार ते चीजचे चार तुकडे, क्रॅकर्स, बदाम, फार तर दोन ऑलिव्ह. शनिवारी दुपारी एक वाजता तिथल्या सेंट हेलिना गावात सहा मोठ्यांना आणि दोन मुलांना रिझर्व्हेशनशिवाय टेबल मिळेल आणि त्यात सासूबाईंना चालेल असं शाकाहारी काही मिळेल, ही आशा तू आत्ताच सोडून दे. आणि हायवे २९ चं वीकेंडचं ट्रॅफिक तुला माहितीच आहे, साडेबाराची वेळ गाठायची म्हणून जेवण पुढे ढकललं जाईल, मग दोनची गाठायची म्हणून परत ढकललं जाईल. हे मी अंदाजाने नाही सांगत, माझ्या घरात झालंय.

२००७ साली आम्ही दोघं आणि यांच्या ऑफिसमधली दोन जोडपी असेच गेलो होतो, असंच चारचं बुकिंग. मी सकाळी चहा आणि दोन मारी बिस्किटं खाऊन निघालेले, कारण पोरीला डे-केअरच्या मैत्रिणीकडे सोडायच्या गडबडीत दुसरं काही झालंच नाही. दुसऱ्या ठिकाणी मला छान वाटत होतं, जरा जास्तच छान. तिसऱ्या ठिकाणी बाहेरच्या दगडी पायरीवर मी बसले ती उठेचना, हातपाय गार, कपाळावर घाम, आणि समोर तो एवढा सुंदर मळा उन्हात पसरलेला, तो मला दोन-दोन दिसत होता. यांनी गाडीतून चार चिप्स आणून दिल्या. परत येताना व्हॅलेहोपाशी गाडी थांबवावी लागली आणि मग घरी येईपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. त्या दिवशीच्या वाईनची चव विचारशील तर मला एकही आठवत नाही, आणि पैसे किती गेले ते मात्र यांना अजून आठवतं.

आता गणित बघ. एका टेस्टिंगला, म्हणजे एका वायनरीतल्या चाखण्याला, चार-पाच वाईन, प्रत्येक ओतणी ३० ते ६० मिली. पाच वाईन आणि ओतणी लहानात लहान धरली तरी पाच गुणिले तीस म्हणजे १५० मिली, अमेरिकेत ज्याला एक ड्रिंक धरतात तेवढं. चार ठिकाणी मिळून ६०० मिली. अख्खी बाटली असते ७५० ची! त्यातही ते एका ड्रिंकचं गणित १२ टक्के अल्कोहोलवर बसवलेलं, आणि नापाचं कॅबरने, म्हणजे तिथली लाल वाईन, साडेचौदा टक्क्यांचं सर्रास असतं. ओतणारा हात सढळ असला तर यापेक्षा पुढे. शरीर साधारण तासाला एक ड्रिंक पचवतं, तेही धडधाकट माणसाचं.

पोटात अन्न असलं की फरक पडतो तो असा. अल्कोहोल जठरात थोडंच शोषलं जातं, खरं शोषलं जातं ते पुढे लहान आतड्यात. जेवलेलं असलं की जठराचं खालचं दार बराच वेळ मिटलेलं राहतं, वाईन अन्नाबरोबर तिथेच रेंगाळते, हळूहळू पुढे सरकते. अनशापोटी घेतली की थेट खाली, आणि तिथून रक्तात. म्हणून जेवण आधी हवं किंवा बरोबर हवं, नंतर हादडून उपयोग नाही, तोवर जे व्हायचं ते झालेलं असतं.

आणि अगं, तिसऱ्या पानावर तू सहज लिहिलंयस, "ह्यांना दोन वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, पण कंट्रोलमध्ये आहे." हे पहिल्या ओळीत लिहायचं गं! लिव्हर अल्कोहोल निस्तरण्यात गुंतलं की साखर सोडायचं काम मागे पडतं, आणि शुगरच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना उपाशीपोटी वाईन घेतली तर साखर धाडकन खाली येऊ शकते. वाईट म्हणजे चक्कर, घाम, अडखळत बोलणं, हे बघून सगळ्यांना वाटतं चढलीये, झोपू दे. माझ्या दिराच्या बाबतीत अगदी हेच झालं, पार्टीत सगळे त्याची मस्करी करत होते, जाऊबाईंनी मीटर लावला तर साखरेचा आकडा ५२. जायच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, लाजू नका, आणि तुझ्या पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या ठेव.

तर करायचं काय, चारातल्या तीन कॅन्सल कर, आजच. पैसे परत मिळतात की नाही ते बघ, नाही मिळाले तरी कर. एक वायनरी सकाळी, मग निवांत दोन तास बसून जेवण, आणि कोणाला फारच हौस असली तर संध्याकाळी आणखी एक. मी तर म्हणते नापाच सोड, शेजारच्या सोनोमाला ड्राय क्रीक व्हॅलीत जा. तुमच्या सॅन रमोनहून जास्त लांब आहे हे कबूल, पण तिथे एक बाटली विकत घेतली की मळ्यातल्या टेबलावर आपला डबा उघडू देणाऱ्या वायनरी बऱ्याच आहेत. नापात बहुतेक ठिकाणी बाहेरचं चालत नाही. काहीही झालं तरी आधी फोन करून विचार, "आमच्याबरोबर शाकाहारी वडीलधारी माणसं आहेत, घरचं जेवण आणलं तर चालेल का", सरळ विचारलं की सरळ उत्तर मिळतं.

डब्यात काय न्यायचं. गार झाल्यावर चांगलं लागतं ते. दुधात भिजवलेल्या दशम्या, मलमलच्या फडक्यात गुंडाळून नेल्या तर संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, कोथिंबीर वडी, अळूवडी, दहीभात. आपल्या खाण्याबरोबर वाईन जुळत नाही हे मला कोणी सांगू नये, मी पंधरा वर्षं जुळवतेय. तळलेल्या कोथिंबीर वडीबरोबर गार स्पार्कलिंग वाईन घे, बुडबुडे आणि आंबटपणा जिभेवरचं तेल कसं धुऊन नेतात ते बघ, बटाटेवड्याचंही तेच. अळूवडीत चिंच-गूळ असतो, तिला किंचित गोडसर पांढरी वाईन, रीसलिंग नाहीतर गेवुर्त्सट्रामिनर. दाण्याच्या कुटाची भरली वांगी आणि ड्राय क्रीकचं झिनफांडेल, म्हणजे तिथली लाल वाईन, हे मी चारदा करून खात्री केलेली जोडी आहे. फक्त ठेचा आणि कॅबरने एकत्र आणू नकोस, वाईनमधलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा, आणि अल्कोहोल तिखटाची आग आणखी भडकवतात, तोंडाची लाही होते आणि लोक नाव ठेवतात वाईनला. कॅबरनेला मटण सुकं दे, कमी तिखटाचं, त्याच्या चरबीने तो तुरटपणा मऊ पडतो. डबा मात्र बाहेर टेबलावरच उघड, टेस्टिंग रूममध्ये नाही, लसणीच्या चटणीचा वास सुटला की शेजारच्याला त्याच्या ग्लासातलं काही कळत नाही. परफ्यूमही त्या दिवशी नको, त्याच कारणाने.

आता सासऱ्यांचं. तू लिहितेस, "बाबा माळकरी आहेत, त्यांना वायनरीत नेणं बरं दिसेल का, की घरीच ठेवू?" माझे वडील, अण्णाही माळकरी होते, निफाडकडचे, आयुष्यभर द्राक्षं केली, थेंबालाही शिवले नाहीत. २०१२ च्या सप्टेंबरात ते आणि आई इकडे आले तेव्हा मीही हाच घोळ घातला होता, शेवटी नेलं. ड्राय क्रीकला एका म्हाताऱ्या झिनफांडेलच्या मळ्याशेजारी ओकच्या सावलीत आम्ही सतरंजी टाकली, आणि अण्णा जेवायच्या आधीच उठून वेलींपाशी गेले. तार नाही, मांडव नाही, ठिबकची नळी नाही, एकेक वेल झाडासारखी स्वतःच्या बुंध्यावर उभी. ते उकिडवे बसले, बुंध्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं, खालची माती चिमटीत घेऊन चोळली, मग मला म्हणाले, "पाण्याबिगर?" तिथे एक मेक्सिकन कामगार होता, त्याला हातानेच कात्री चालवून विचारलं, छाटणी किती वेळा? त्याने एक बोट दाखवलं. अण्णांनी दोन दाखवली, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, आणि ते मला इंग्रजीत समजावून सांगायला लावलं, मी सांगितलं आणि त्याने मान डोलावली. अर्धा तास दोघं बोलत होते, एकाला मराठी, एकाला स्पॅनिश. आमच्याकडे द्राक्षं जानेवारी ते मार्च निघतात आणि यांच्याकडे ऑगस्ट ते ऑक्टोबर, यावर ते आठवडाभर गावाकडे फोन करून बोलत होते. नाशिकला सुला वायनरी सुरू झाली तेव्हा सल्ला द्यायला वाईनमेकर सोनोमाचाच गेला होता, केरी डॅम्स्की, हे सांगितल्यावर तर अण्णांना ती जागा आपलीच वाटायला लागली. शेतीची आवड असलेल्या माणसाला मळ्यात न्यायचं की नाही, हा प्रश्नच पडू देऊ नकोस. त्यांच्यासमोर मळा आणि डबा ठेव, ग्लास तुमच्यापुरता.

नापालाच जायचं ठरलं तर सासूबाईंसाठी एक जागा सांगते, सेंट हेलिना आणि कॅलिस्टोगाच्या मध्ये बेल ग्रिस्ट मिल, १८४६ ची पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी, छत्तीस फुटांचं लाकडी चाक आहे. माझ्या आईला तिथे जात्याच्या तळ्या-पाळ्या आठवल्या, तासभर हलली नाही. शेजारीच बोथी-नापा स्टेट पार्क आहे, रेडवूडची सावली आणि पिकनिकची टेबलं, डब्याला उत्तम.

बाकीचं पटकन. गाडी चालवणाऱ्याने त्या दिवशी घ्यायचीच नाही, कॅलिफोर्नियात रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे पण ते आकडे बघत बसू नकोस, नणंद घेत नाही म्हणतेस ना, तिला आधी विचार आणि तिच्या आवडीचं गोड कर. उघडलेली बाटली उरली तर बूच लावून डिकीत, पुढे सीटपाशी नाही, तो कायदा आहे. घोट आवडला नाही तर टेबलावरच्या भांड्यात ओत, आपल्याला अन्न टाकायची सवय नाही म्हणून संपवत बसायचं कारण नाही, ते भांडं त्यासाठीच असतं. मुलांना कुठे चालतं कुठे नाही, डब्याचं विचारशील त्याच फोनवर विचार. वाईन क्लबची सही तिथे टेबलावर करायची नाही, घरी येऊन दोन दिवसांनी ठरवा. बाटल्या घेतल्या तर उन्हात गाडीत ठेवू नका, डब्याचा आइसबॉक्स तोवर रिकामा झालेला असेल.

राहिलं शेवटचं, "आईंसमोर मी ग्लास हातात धरला तर त्यांना काय वाटेल." तुझ्या सासूबाईंना मी ओळखत नाही, पण आदल्या रात्री त्यांना विचार की दशम्यांना गूळ किती घालायचा, आणि लाटायला बरोबर घे. मळ्यात गेल्यावर ताटं त्यांनाच वाढू दे. माझ्या आईने त्या दिवशी सगळ्यांना वाढून झाल्यावर माझ्या हातातला ग्लास घेतला, नाकाशी नेला, "काकवीसारखा वास येतोय गं" म्हणाली, परत दिला, आणि विचारलं, "अजून एक वडी देऊ?"