रिपोर्टातले ७० टक्के

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही कोपरीला राहतो. माझ्या मावशीचं (वय ६१) ओव्हरीचं ऑपरेशन झालं, १५ सेंटिमीटरची गाठ निघाली. रिपोर्टमध्ये कार्सिनोसार्कोमा, सार्कोमा ७० टक्के, आणि खाली कुठेतरी कार्टिलेज पण लिहिलंय. तिथल्या डॉक्टरांनी घाईघाईत रेअर आहे, केमो सुरू करू एवढंच सांगितलं. रात्री गुगल करत बसले तर सार्कोमा जास्त म्हणजे पेशंट कमी जगतो असंच वाचायला मिळालं, झोपच उडाली. हे ७० टक्के म्हणजे नक्की काय?
– एक भाची, ठाणे पूर्व

उत्तर: रेअर तर आहेच, ओव्हरीच्या १०० कॅन्सरमागे १ ते ४. यात दोन जातीच्या पेशी दिसतात, कार्सिनोमाच्या एकमेकींना चिकटून घोळक्यात बसलेल्या आणि सार्कोमाच्या लांबुळक्या, सुट्या सुट्या पसरलेल्या. लोकांना वाटतं दोन कॅन्सर झाले, पण बहुतेक वेळा मूळ एकच असतं, कार्सिनोमाचीच पेशी मधेच रूप बदलते. म्हणून केमोसुद्धा सहसा ओव्हरीच्या नेहमीच्या कॅन्सरचीच, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल.

आता ७० टक्के. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, सार्कोमा निम्म्याहून जास्त असलेल्या बायकांचं आयुष्य कमी भरलं असं काही अभ्यासांत दिसलंय. पण आजारच एवढा कमी की हे अभ्यास छोटे, जुन्या फायली गोळा करून केलेले. आणि तो आकडा येतो कुठून, तर गाठीचे जे तुकडे स्लाइडवर आले तेवढ्यातूनच. साधारण दर सेंटिमीटरला एक तुकडा घ्यायचा असा लॅबचा ठोकताळा आहे, म्हणजे १५ च्या गाठीला पंधराएक. चारच घेतले असतील तर ते पातेल्याच्या एका कडेला डाव घालून अख्ख्या मिसळीत फरसाण किती ते सांगण्यासारखं झालं. रिपोर्टमध्ये ब्लॉक (म्हणजे मेणात बसवलेले हे तुकडे) किती ते बहुधा लिहिलेलं असतं, बघा.

कार्टिलेज म्हणजे कान दुमडला की हाताला लागतं ना, ते मऊ हाड. ओव्हरीत ते सापडलं की नातेवाईक हादरतात, पण त्याने जगण्यात फरक पडतो का यावर अभ्यासांचं एकमत नाही. मी तरी त्या शब्दावर झोप घालवणार नाही.

माझ्या मते टक्क्यांआधी दोन गोष्टी विचारा, स्टेज कुठली आणि ऑपरेशननंतर पोटात काही शिल्लक राहिलं का. शिल्लक काहीच नाही ही त्या ७० पेक्षा मोठी बातमी आहे, आणि ती तुमच्या हातातल्या हिस्टोपॅथॉलॉजीच्या (गाठीच्या तपासणीच्या) रिपोर्टात नाही तर सर्जनच्या ऑपरेशन नोट्समध्ये असते, त्याची कॉपी मागून घ्या. बीआरसीए टेस्टचंही विचारा, घराण्यातून येऊ शकणारा जीनमधला दोष त्यात कळतो, ती पॉझिटिव्ह आली तर पुढे गोळ्यांचा पर्याय निघू शकतो आणि मावशीच्या मुलींना, तुमच्या आईला पण तपासायला सांगता येतं.

सेकंड ओपिनियन हवं असेल तर खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर सेंटर आहे, ठाण्याहून पनवेल लोकलने थेट. नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही, लॅबकडून स्लाइड्स आणि ब्लॉक्स लेखी अर्ज देऊन घ्या, पण त्यासाठी केमोची तारीख पुढे ढकलू नका. आणि गाडीने गेलात तर ब्लॉक्सची पिशवी डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका, मेणाचे असतात ते.